‘आमेन’ या शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शब्दांच्या उगमाविषयी लिहायला लागल्यापासून सर्वांत जास्त पत्रं आली ती या तीन अक्षरांबद्दल. चर्चमध्ये जाणारे विचारतात, मशिदीत जाणारे विचारतात, आणि या दोन्हीकडे न जाणारेही विचारतात. तेच ते प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं एके ठिकाणी लिहून ठेवली आहेत. सोपे प्रश्न आधी आहेत, अडचणीचे नंतर. एकाच गोष्टीचा दोनदा उलगडा करायला लागू नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘आमेन’चा साधा, एका ओळीतला अर्थ काय?

‘हे पक्कं आहे’, ‘हे खरं आहे आणि मला मान्य आहे’. बोलणाऱ्याचं बोलणं ऐकून ऐकणाऱ्याने दिलेला हा दुजोरा. ‘असंच होवो’ हा त्याचा एक अर्थ आहे, एकमेव नव्हे. कुणी आशीर्वाद दिला, तर ‘आमेन’ म्हणजे ‘असं होवो’. कुणी शपथ घातली, तर ‘आमेन’ म्हणजे ‘ही शपथ माझ्यावर बांधील आहे’. कुणी एखादी गोष्ट सांगितली, तर ‘आमेन’ म्हणजे ‘खरं आहे’. ताल्मूद या यहुदी ग्रंथातही हे तीन पदर वेगळे करून सांगितले आहेत: आमेनमध्ये शपथ आहे, स्वीकार आहे आणि पुष्टी आहे.

२. हा शब्द हिब्रू आहे की अरामी?

मूळ हिब्रू. हिब्रू बायबलात तो तीस वेळा येतो आणि ती सगळी ठिकाणं हिब्रू मजकुरातलीच आहेत. बायबलाचा काही भाग अरामी भाषेत आहे: दानीएल आणि एज्रा या पुस्तकांचा मोठा भाग, यिर्मयातलं एक वचन आणि उत्पत्तीमधले दोन शब्द. त्यात ‘आमेन’ नाही. पण त्याच धातूचं अरामी क्रियापद मात्र आहे. दानीएल सिंहांच्या गुहेतून सुखरूप बाहेर आला, कारण त्याने आपल्या देवावर ‘हेमिन’, म्हणजे भरवसा ठेवला होता, असं सहाव्या अध्यायात म्हटलं आहे.

पुढे अरामी ही त्या प्रदेशाची बोलती भाषा झाली आणि ‘आमेन’ तिच्यात जसाच्या तसा शिरला. यहुद्यांची ‘कद्दीश’ ही प्रार्थना जवळजवळ सगळी अरामीत आहे. ती म्हणणारा थांबून थांबून लोकांना सांगतो, ‘वइम्रू आमेन’, म्हणजे ‘आणि तुम्ही आमेन म्हणा’. सुर्यानी ही अरामीचीच एक शाखा. तिच्यात याचा उच्चार ‘आमीन’ असा होतो.

३. मूळ धातू कोणता? त्यातून आणखी कोणते शब्द निघाले?

धातू आलेफ-मेम-नून या तीन अक्षरांचा. त्याच्या मुळाशी आहे न हलणं, आधार देणं, टेकू असणं. ‘श्रद्धा’ हा अर्थ नंतरचा. आधीचा अर्थ अगदी हाताला लागेल असा आहे, म्हणून थोडं थांबून उदाहरणं बघू.

बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात लढाई चालू असताना मोशेला हात वर धरून ठेवायचे असतात. ते दमून खाली येतात, म्हणून दोघे जण दोन्ही बाजूंनी त्याचे हात उचलून धरतात आणि सूर्य मावळेपर्यंत ते हात ‘एमुना’ राहतात, म्हणजे स्थिर. पुढे ‘विश्वास’ आणि ‘एकनिष्ठा’ यांच्यासाठी जो मोठा शब्द झाला तो हाच. इथे मात्र तो थरथरणाऱ्या दंडांबद्दल आहे.

राजवाड्याच्या किंवा मंदिराच्या दाराचे खांब ‘ओम्नोत’. दुसऱ्याचं मूल कडेवर घेऊन वाढवणारा ‘ओमेन’, वाढवणारी ‘ओमेनेत’. रूथच्या गोष्टीच्या शेवटी नामी आपल्या सुनेचं बाळ उराशी घेते आणि त्याची ‘ओमेनेत’ होते. यशयाच्या बाविसाव्या अध्यायात ‘नेएमान’ जागी ठोकलेली खुंटी येते. नेएमान म्हणजे भक्कम. खुंटी हलवून बळकट करायची आपली सवय ज्याला माहीत आहे, त्याला हा शब्द फोडून सांगावा लागणार नाही.

‘एमेत’, म्हणजे सत्य, हाही याच धातूचा. त्यातला ‘न’ उच्चारात गळून गेला आहे. म्हणजे हिब्रूत ‘सत्य’ या शब्दाच्या पोटात ‘टिकणारं’ हा अर्थ आहे: ज्यावर भार टाकला तरी मोडत नाही ते. विश्वास ठेवण्याचं क्रियापद ‘हेएमिन’ म्हणजे कशाला तरी भक्कम मानून त्यावर टेकणं. यशया संदेष्टा आहाज राजाला सांगतो, ‘इम लो तआमिनू, की लो तेआमेनू’. दोन्ही क्रियापदं एकाच धातूची आहेत. मराठीत ही गंमत पूर्ण उतरत नाही, पण जवळपास अशी होईल: ठाम राहिला नाहीत, तर ठाव राहणार नाही.

४. आपल्या ‘इमान’चा आणि ‘आमेन’चा संबंध आहे का? की नुसता आवाज सारखा?

संबंध आहे. ‘इमान’ मराठीत फारसीमार्गे अरबीतून आलं. अरबी आणि हिब्रू या एकाच सामी कुळातल्या भाषा, आणि अरबीतही अलिफ-मीम-नून हाच धातू याच अर्थाने नांदतो. त्यातून ईमान, मूमिन, अमीन, अमानत हे शब्द झाले. त्यामुळे आपण ‘इमानी कुत्रा’, ‘बेइमान माणूस’, ‘इमानेइतबारे काम केलं’ असं म्हणतो तेव्हा आमेनच्या सख्ख्या चुलत भावाचं नाव घेत असतो. हा भाऊ आहे, मुलगा नव्हे. ‘इमान’ हिब्रू ‘आमेन’पासून निघालेला नाही, दोघांचा पूर्वज एक.

त्याहून मजेशीर आहे ‘अनामत’. हे अरबी ‘अमानत’चंच मराठी रूप आहे, ‘म’ आणि ‘न’ यांनी जागा बदललेलं. निवडणुकीत उमेदवाराची अनामत जप्त झाली, असं वाचताना कुणाला आमेन आठवणार? पण विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू हा त्याचा अर्थ त्या जुन्या धातूच्या अगदी जवळ आहे.

मात्र हाच आवाज ऐकून पुढे धावू नका. ‘इनाम’चा धातू वेगळा आहे आणि ‘इमाम’चाही. हे दोन्ही शब्द या यादीत घालून पाठवणारी पत्रं मला नेहमी येतात.

५. बायबलात ‘आमेन’ सर्वांत आधी कुठे येतो?

पुस्तकांच्या क्रमाने पाहिलं तर गणना, अध्याय ५, वचन २२. हे ठिकाण सुखाचं नाही. नवऱ्याला बायकोचा संशय आला आहे आणि साक्षीदार कुणी नाही. याजक तिला कडू पाणी देतो, शाप वाचून दाखवतो, आणि तिने ‘आमेन, आमेन’ म्हणायचं असतं. बायबलातला पहिला आमेन अशा एका एकट्या, संशयाखाली उभ्या केलेल्या बाईच्या तोंडी आहे. तो वाचताना अंगावर काटा येतो आणि यावाही. हा विधी रब्बान योहानान बेन जक्काई यांनी बंद केला, अशी नोंद मिश्ना या संहितेत आहे.

त्यानंतर येतो ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय. तिथे एका पाठोपाठ एक बारा आमेन आहेत, म्हणजे तिसातले बारा एकाच जागी. एबाल आणि गरिज्जीम हे दोन डोंगर शखेम गावाच्या, म्हणजे आजच्या नाब्लूसच्या, दोन अंगांना आहेत. इस्राएलचे अर्धे वंश एका डोंगरावर, अर्धे दुसऱ्यावर. लेवी, म्हणजे याजकांच्या वंशातले लोक, मोठ्याने शाप उच्चारतात: शेजाऱ्याची शीव सरकवणारा शापित असो. आंधळ्याला वाट चुकवणारा शापित असो. परका, पोरका आणि विधवा यांचा न्याय बिघडवणारा शापित असो. प्रत्येक शापानंतर सगळ्या लोकांनी ‘आमेन’ म्हणायचं.

यातली बरीचशी पापं चोरून केलेली आहेत. रात्री बांध कोरणाऱ्याला कोण बघतो? साक्षीदार मिळत नाही तिथे कायदा थांबतो, म्हणून माणसाच्या स्वतःच्याच तोंडून आधी वदवून घेतलं आहे. आमेन म्हणणारा स्वतःवरच साक्ष देत असतो.

६. म्हणजे तो प्रार्थनेच्या शेवटी म्हणायचा शब्द नव्हताच?

होता, पण तेवढाच नव्हता, आणि शेवट सुचवणं हे त्याचं काम कधीच नव्हतं. स्तोत्रसंहितेचे पाच भाग आहेत. पहिल्या चार भागांच्या अखेरीला, म्हणजे ४१, ७२, ८९ आणि १०६ या स्तोत्रांच्या शेवटी, स्तुतीचं वचन आणि त्यावर आमेन आहे. १०६व्या स्तोत्रात तर स्पष्ट लिहिलं आहे की सर्व लोकांनी आमेन म्हणावं. म्हणजे गाणारा वेगळा आणि आमेन म्हणणारे वेगळे.

मला सर्वांत जास्त भिडतो तो नहेम्याच्या पाचव्या अध्यायातला आमेन. काळ इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या मध्याचा. यरुशलेमची पडकी भिंत बांधायचं काम चालू आहे आणि गरीब लोक तक्रार घेऊन येतात: दुष्काळात धान्यासाठी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण पडली, राजाचा सारा भरायला कर्ज काढलं, आता पोरं-पोरी दास्यात द्यायची वेळ आली. आणि सावकार कोण? आपलेच भाऊबंद. तिथला सुभेदार नहेम्या संतापतो, सभा बोलावतो, जमिनी आणि व्याज परत करायला सांगतो. ते कबूल करतात. मग तो त्यांना शपथ घालतो, आपल्या वस्त्राचा सोगा सर्वांसमोर झटकतो आणि म्हणतो, जो हा शब्द पाळणार नाही त्याला देव असाच झटकून टाको. सारी सभा म्हणते, आमेन. त्यात मघाचे सावकारही आहेत. पुढचं वाक्य आहे: लोकांनी दिल्या शब्दाप्रमाणे केलं.

७. ‘आमेन’ म्हटलं म्हणजे समोरच्याचं बोलणं खरं मानलं असंच होतं का?

नेहमी नाही. यिर्मयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सांगतो की दोन वर्षांत बाबेलचं, म्हणजे बॅबिलॉनचं, जोखड मोडेल आणि पकडून नेलेले परत येतील. हे खोटं आहे हे यिर्मयाला ठाऊक असतं. तरी तो आधी म्हणतो, ‘आमेन, परमेश्वर तसं करो.’ त्यानंतर तो सांगतो की शांतीचं भाकीत करणारा संदेष्टा खरा की खोटा, हे त्याचं बोलणं घडून आल्यावरच कळतं.

काहींना यात टोमणा दिसतो. मला दिसत नाही. आपल्या लोकांनी घरी यावं असं यिर्मयालाही मनापासून वाटत होतं. इथे आमेन इच्छेला आहे, भाकिताला नाही.

८. मराठीत ‘आमेन’ला ‘तथास्तु’ म्हटलं तर चालेल ना?

अर्थाच्या एका कडेपुरतं चालेल. पण बोलणाऱ्याची जागा उलटी होते. ‘तथास्तु’ म्हणतो वर देणारा. आपल्या कथांमध्ये तपस्वी मागतो आणि देव तथास्तु म्हणतो. वास्तुपुरुष तथास्तु म्हणत असतो म्हणून वाईट बोलू नये, हेही घरोघरी ऐकलेलं असतं. पसायदानाच्या शेवटीही ‘होईल’ असं म्हणणारा विश्वेश्वर आहे, आणि त्या वराने ज्ञानदेव सुखावतात. ‘आमेन’ मात्र खालून वर जातं. ते मागणाऱ्यांचं, ऐकणाऱ्यांचं, सामान्य लोकांचं उत्तर आहे. तथास्तु म्हणणाऱ्याकडे द्यायची ताकद असते. आमेन म्हणणारा फक्त स्वतःचा शब्द देऊ शकतो.

म्हणून मराठी बायबलात हा शब्द भाषांतर न करता ‘आमेन’ असाच ठेवलेला दिसतो, ते योग्यच आहे. बोलीतलं जवळचं काही हवंच असेल तर एखाद्याने पैज मांडल्यावर आपण ‘कबूल!’ म्हणतो, तो सूर बघा.

९. येशू वाक्याच्या सुरुवातीला ‘आमेन’ म्हणत असे, असं ऐकलं. आमच्या मराठी बायबलात तर दिसत नाही.

दिसतं, पण वेष बदलून. ‘मी तुम्हांला खचीत सांगतो’ हे वाक्य आठवतं? ग्रीक मूळात त्या ‘खचीत’च्या जागी ‘आमेन’ आहे. आणि योहानाच्या शुभवर्तमानात ‘खचीत खचीत’ असं दोनदा येतं, तिथे मुळात ‘आमेन आमेन’ आहे. योहानात असं पंचवीस वेळा आहे, आणि तिथे ते नेहमी जोडीनेच येतं. इतर तीन शुभवर्तमानांत एकेरी.

यातलं वेगळेपण असं की आमेन हे एरवी दुसऱ्याच्या बोलण्यावरचं उत्तर असतं. येशू ते स्वतःच्या बोलण्याआधी ठेवतो. बऱ्याच अभ्यासकांना ही त्याची स्वतःची लकब वाटते, आणि ग्रीक लिहिणाऱ्यांनीही ती जपून ठेवली, भाषांतर केलं नाही.

ही लकब अगदी अभूतपूर्व होती का, यावर मात्र वाद आहे, आणि त्याचं कारण एक खापराचा तुकडा. १९६०मध्ये इस्राएलच्या किनाऱ्यावर, याव्ने-याम गावाजवळच्या एका जुन्या गढीत, इसवी सनापूर्वी सातव्या शतकातला शाईने लिहिलेला अर्ज सापडला. अर्जदार कापणीवरचा मजूर आहे. त्याचं म्हणणं: मी ठरलेलं धान्य कापून भरलं, तरी होशायाहूने माझं वस्त्र काढून घेतलं. बरोबरचे कापणीवाले साक्ष देतील. माझं वस्त्र परत मिळावं. त्यात एके ठिकाणी ‘आमेन, मी निर्दोष आहे’ अशा अर्थाचे शब्द वाचले जातात. म्हणजे दुसऱ्याला उत्तर न देता, स्वतःचंच बोलणं ठासून सांगायला वापरलेला आमेन, येशूच्या सहाशेहून अधिक वर्षं आधी, एका मजुराच्या तोंडी. खापर तुटकं आहे, त्यामुळे सगळे अभ्यासक हे वाचन एकाच तऱ्हेने लावत नाहीत. मला ते पटतं.

१०. ‘प्रभूची प्रार्थना’ आमेनने संपते. तो आमेन मूळचाच का?

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ‘राज्य, सामर्थ्य व गौरव’ हे शेवटचं वाक्य आणि त्यानंतरचा आमेन नाही. नंतरच्या प्रतींत आहे. उपासनेत लोक जसं म्हणत होते तसं ते प्रतींमध्ये उतरलं असावं. बायबलाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत हे वाक्य कंसात किंवा तळटिपेत दिसतं ते यामुळे.

११. आमेन ग्रीकमध्ये आणि पुढे सगळ्या जगात भाषांतर न होता कसा गेला?

सुरुवातीला भाषांतर झालं होतं. हिब्रू बायबलाच्या जुन्या ग्रीक भाषांतरात बहुतेक ठिकाणी ‘गेनोइतो’, म्हणजे ‘असं घडो’, असा शब्द घातला आहे. ‘नहेम्या’ आणि ‘इतिहास’ या पुस्तकांतल्या थोड्या ठिकाणी मात्र ‘आमेन’ तसाच ठेवला आहे. नंतरच्या ख्रिस्ती मंडळ्यांनी हिब्रू शब्दच धरून ठेवला. इसवी सन १५०च्या सुमारास रोममध्ये लिहिणारा ख्रिस्ती लेखक जस्टिन सांगतो की प्रमुखाने प्रार्थना आणि आभार संपवले की सगळे लोक ‘आमेन’ म्हणतात, आणि बिगरयहुदी वाचकांसाठी तो खुलासाही करतो की हिब्रूत याचा अर्थ ‘असं घडो’.

ग्रीकमध्ये अक्षरांना संख्यामूल्य असतं आणि ‘आमेन’ची बेरीज ९९ होते. त्यामुळे जुन्या ख्रिस्ती पपायरसांवर कधी कधी पत्राच्या शेवटी नुसता ९९ हा आकडा लिहिलेला सापडतो.

१२. ‘एल मेलेख नेएमान’ या तीन शब्दांच्या आद्याक्षरांतून आमेन बनला, हे खरं का?

उगम म्हणून खरं नाही. ‘देव, भरवशाचा राजा’ असा त्याचा अर्थ, आणि आलेफ, मेम, नून ही त्यांची आद्याक्षरं. ताल्मूदातल्या शब्बाथ या भागात हा अर्थ रब्बी हनिना यांच्या नावावर आहे. पण शब्द त्याच्या कितीतरी आधीपासून होता. हा उगम नव्हे, चिंतन आहे: आमेन म्हणताना मनात काय असावं, याचं. त्या दृष्टीने ते फार सुंदर आहे, आणि ‘नेएमान’ हा शब्द आमेनच्याच धातूचा असल्यामुळे ते हवेतलंही नाही.

तसंच संख्यांचं. हिब्रूत आमेनची बेरीज १ अधिक ४० अधिक ५०, म्हणजे ९१. देवाच्या चार अक्षरी नावाची २६ आणि ‘अदोनाय’ची ६५, दोन्ही मिळून ९१. भक्ताला यात आनंद वाटला तर वाटू द्यावा. शब्दाचा इतिहास यातून निघत नाही.

१३. आमेन हे इजिप्तच्या ‘अमून’ देवाचं नाव आहे, किंवा ‘ॐ’चा अपभ्रंश आहे, असे संदेश फिरतात.

दोन्ही चुकीचे. अमूनच्या नावाचा अर्थ ‘लपलेला’ असा लावतात. त्याचा भक्कमपणाशी संबंध नाही, आणि हिब्रू शब्दाला स्वतःच्या घरात एवढी मोठी भावकी असताना (प्रश्न ३) त्याला शेजारच्या गावात बाप शोधायची गरज नाही. ॐ आणि आमेन यांच्यात ‘म’ हा एक वर्ण सामाईक आहे, एवढंच. एकाचा संबंध दुसऱ्याशी जोडल्याने कुणाचाच मान वाढत नाही.

याच्याच जोडीला एक नवा गैरसमज: शब्दाच्या शेवटी इंग्रजी ‘मेन’ आहे म्हणून तो पुरुषवाचक आहे, असा. जानेवारी २०२१मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातल्या प्रार्थनेचा शेवट ‘आमेन आणि अ-वुमन’ असा झाला, तेव्हापासून हा प्रश्न वाढला. हिब्रू शब्दाचा इंग्रजी ‘मेन’शी काही संबंध नाही.

१४. मुसलमानांचं ‘आमीन’ तेच का? आणि काही मशिदींत ते मोठ्याने, काही ठिकाणी मनातल्या मनात का म्हणतात?

शब्द तोच. नमाजात सूरह फातिहा संपल्यावर ‘आमीन’ म्हणतात, पण तो कुराणाच्या मजकुराचा भाग मानला जात नाही. इथेही तो उत्तराचाच शब्द आहे: फातिहाच्या अखेरीस सरळ वाटेची मागणी आहे आणि तिला दुजोरा.

आवाजाचा फरक मजहबचा, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या परंपरेचा, आहे. हनफी परंपरेत तो हळू, स्वतःपुरता म्हणतात. शाफिई परंपरेत, जी नमाज मोठ्याने पढली जाते तिच्यात, इमाम आणि मागचे लोक तो मोठ्याने म्हणतात. आपल्याकडे कोकणी मुसलमान बहुतांशी शाफिई आहेत आणि देशावरचे बहुतेक हनफी. त्यामुळे घाट उतरलं की आमीनचा आवाज बदलतो. दोन्हीकडे नमाज पढलेल्यांना हे न सांगता माहीत असतं.

१५. महाराष्ट्रातले यहुदी काय म्हणत?

बेने इस्राएल, म्हणजे इथले मराठी बोलणारे यहुदी, प्रार्थना हिब्रूत करत, त्यामुळे उत्तरही ‘आमेन’. कोकणात तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. हिब्रूचं ज्ञान क्षीण झालेल्या काळातही ‘शेमा’ ही प्रार्थना त्यांनी टिकवली होती. त्यांचं मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, १७९६चं. १८३२मध्ये मिशनरी जॉन विल्सन यांनी हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं, आणि वल्हांडण या यहुदी सणाच्या रात्री वाचायची हग्गादा ही पोथी मराठी भाषांतरासह १८४६मध्ये मुंबईत आणि १८७४मध्ये पुण्यात निघाली. हिब्रू आणि मराठी एका पानावर आणण्याचं श्रेय या छोट्या समाजाच्या गरजेला आहे.

१६. खरा उच्चार कोणता?

हिब्रूत ‘आ-मेन’, जोर ‘मेन’वर. मराठी उच्चार त्याच्या बराच जवळ आहे. इंग्रजीतला ‘एमेन’ त्या भाषेच्या वळणाने झाला. ‘आमीन’ ही चूक नव्हे, ती सुर्यानी-अरबी वाट आहे (प्रश्न २ आणि १४).

यहुदी परंपरेत उच्चाराचे नियम बारकाईने सांगितले आहेत. बेन अज्जाई हा जुना यहुदी पंडित तीन आमेन टाळायला सांगतो. ‘हतुफा’, म्हणजे हिसकावलेला: घाईत आद्य स्वर गिळलेला, किंवा समोरच्याचं संपायच्या आत म्हटलेला. ‘कतुफा’, तोडलेला: शेवटचा ‘न’ सांडलेला. आणि ‘यतोमा’, म्हणजे अनाथ. त्याबद्दल प्रश्न १८ पाहा.

१७. स्वतःच्याच प्रार्थनेला आमेन म्हणावं का?

यहुदी नियमाने सहसा नाही. आमेन दुसऱ्याच्या आशीर्वचनाला द्यायचा असतो. ठळक अपवाद जेवणानंतरच्या प्रार्थनेतला: यरुशलेमच्या पुनर्बांधणीचं आशीर्वचन झालं की म्हणणारा स्वतःच आमेन म्हणतो. आशीर्वचनांची मालिका संपल्यावर स्वतः आमेन म्हणण्याची रीत सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेनकडच्या यहुद्यांच्या, परंपरेत आहे, मध्य आणि पूर्व युरोपकडच्या अश्केनाझींमध्ये ती या एका जागेपुरती उरली. ख्रिस्ती प्रथेत मात्र एकटा माणूसही आपल्या प्रार्थनेला आमेन म्हणतो. त्यात चूक काही नाही, फक्त शब्दाचं जुनं काम तिथे थोडं बाजूला पडतं.

आणखी एक अपवाद पुष्कळांना चकित करतो. ताल्मूदाप्रमाणे खुद्द यरुशलेमच्या मंदिरात आशीर्वचनांना आमेन म्हणत नसत. तिथे उत्तर लांब होतं: ‘त्याच्या राज्याचं गौरवशाली नाव सदासर्वकाळ धन्य असो’. आमेन हे मंदिराबाहेरचं, गावोगावच्या सभांमधलं उत्तर.

१८. काय म्हटलं ते ऐकू आलं नाही किंवा कळलं नाही, तर आमेन म्हणावं का?

हाच तो ‘अनाथ आमेन’: ज्याचं आईबाप वचन ऐकलंच नाही असं उत्तर. तो म्हणू नये असा नियम. ख्रिस्ती प्रेषित पौलही करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिताना हीच अडचण मांडतो: तू न कळणाऱ्या भाषेत आभार मानलेस, तर शेजारी बसलेला साधा माणूस आमेन कसा म्हणेल? तू काय बोललास हे त्याला कळलेलं नाही.

पण ताल्मूदातच याच्या उलट वाटणारी एक आठवण आहे. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचं सिनेगॉग इतकं विशाल होतं की मागच्यांना आवाज पोचत नसे. मधोमध लाकडी चौथरा होता. त्यावर सेवक कापड घेऊन उभा राही. आमेनची वेळ आली की तो कापड हलवी आणि सगळे लोक एकदम आमेन म्हणत. सोनार सोनारांत, विणकर विणकरांत, असे धंद्याप्रमाणे बसलेले. मग हे हजारो अनाथ आमेन झाले का? नंतरच्या भाष्यकारांनी उत्तर दिलं: नाही, कारण कोणतं आशीर्वचन चालू आहे हे त्यांना माहीत होतं. कानावर आलं नाही तरी आपण कशाला हो म्हणतोय हे ठाऊक असलं तर पुरे.

१९. शापालाही आमेन म्हणतात, हे बायबलानंतरही चाललं का?

चाललं. मृत समुद्राजवळच्या कुमरान इथल्या जुन्या यहुदी पंथाच्या नियमग्रंथात नव्याने येणारे सभासद आशीर्वाद आणि शाप दोन्हींवर ‘आमेन, आमेन’ म्हणतात. आणि मृत समुद्राच्या काठी ऐन गेदीला सापडलेल्या सिनेगॉगच्या फरशीवर अरामीत एक शाप लिहिलेला आहे: जो माणसामाणसांत भांडण लावेल, परक्यांकडे शेजाऱ्याची चहाडी करेल, शेजाऱ्याची मालमत्ता चोरेल, किंवा ‘गावाचं गुपित’ फोडेल, त्याच्यावर देवाची नजर असो. ते गुपित काय होतं यावर अजून वाद आहे. अनेकांना वाटतं की ते बाल्सम या सुगंधी झुडपाच्या लागवडीचं. शेवटची ओळ मात्र सरळ आहे आणि अनुवादाच्या सत्ताविसाव्या अध्यायातून उचललेली आहे: आणि सर्व लोक म्हणतील, आमेन, आमेन, सेला.